साधा फ्लोअर प्लॅन काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? खिशाला परवडेल आणि आठवड्यात हाताशी येईल असं



आज सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझी आहे.

माझ्या एका बॅचला एक सुतारदादा होते. वीस वर्षांचा हात, किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोबचं काम एकदम चोख. पण फ्लॅटवाल्या ग्राहकांकडे गेले की एका वाक्यावर गाडी अडायची. "दादा, काम आवडलं तुमचं, पण आधी एक ड्रॉइंग दाखवा, मग ठरवू." दादा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढून द्यायचे. दुसरा कुणीतरी रंगीत प्रिंट घेऊन यायचा आणि ऑर्डर त्याला जायची. तीन महिन्यांत अशा दोन ऑर्डरी गेल्या.

त्यांनी मला विचारलं, "सर, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" मी घाईत होतो. डोक्यात जे सगळ्यात मोठं नाव होतं ते सांगून मोकळा झालो. दादांनी एका क्लासला १८ हजार रुपये भरले, चार महिने रोज संध्याकाळी गेले. कमांड पाठ झाल्या, पण ग्राहकाला दाखवता येईल असं एकही किचन काढलं नाही. वर त्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं परवडेना, म्हणून क्लासमधल्याच कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये "क्रॅक" देऊ केला. दादा घाबरले आणि सगळंच सोडून दिलं. नंतर बरेच दिवस त्यांनी माझा फोनही उचलला नाही.

सॉफ्टवेअर वाईट नव्हतंच. मी दादांना त्यांच्या कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता उत्तर दिलं, चूक तिथे झाली. ते प्रश्न आज तुमच्यासोबत सोडवतो. मॉड्युलर किचन, इंटिरिअर, फर्निचर, मंडप-डेकोरेशन, वायरिंग-प्लंबिंगचं काम करत असाल, किंवा स्वतःचं दुकान वा छोटं युनिट मांडणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी तीन प्रश्न, मग डाउनलोड

पहिला प्रश्न: नकाशा कोण बघणार आहे? ग्राहक बघणार असेल तर त्याला "इथे फ्रिज, इथे ओटा" हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. कारागीर बघणार असेल तर त्याला मापं हवीत, रंग नकोत. सरकारी कार्यालयात जाणार असेल तर तिथले नियम वेगळे. उदाहरणार्थ, मसाले, लोणची किंवा बेकरीच्या उत्पादनासाठी एफएसएसएआयची साधी नोंदणी सोडून वरचा परवाना घ्यायचा असेल, तर युनिटचा लेआउट द्यावा लागतो. त्यात मापं मीटरमध्ये लागतात आणि कोणत्या कामाला किती जागा ठेवलीय तेही दाखवावं लागतं.

दुसरा प्रश्न: समोरचा कोणती फाइल मागतो? घरगुती ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली की काम झालं. पण तुम्ही आर्किटेक्टच्या हाताखाली काम घेत असाल, तर तो डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ फाइल पाठवेल आणि त्याच प्रकारात परत मागेल. तुमचं सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात जास्त फरक याच उत्तराने पडतो.

तिसरा प्रश्न: महिन्याला किती नकाशे काढणार? दोन-तीन काढणार असाल तर महिन्याचं भाडं भरायचं काही कारण नाही. रोज एक काढणार असाल तर वेगाला किंमत आहे, मग पैसे मोजण्यात अर्थ आहे.

दादांची उत्तरं काय होती? ग्राहक बघणार, पीडीएफ पुरे, महिन्याला तीन-चार. एवढ्यासाठी मी त्यांना चार महिने क्लासला पाठवलं होतं.

पायरी शून्य: चौकडीचा कागद

हसू नका. संगणकाला हात लावायच्या आधी दोन नकाशे आलेख वहीवर काढा. एक मोठा चौकोन म्हणजे एक फूट धरा. भिंती पेनाने, सामान पेन्सिलीने. सामानाचे तुकडे जाड कागदातून कापून नकाशावर सरकवून बघा. स्वतःचं एकच दुकान मांडायचं असेल तर कदाचित इथेच तुमचं काम संपेल.

एक्सेल येत असेल तर कॉलम अरुंद करून सगळे सेल चौकोनी करा. तीच चौकडी संगणकावर तयार झाली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे लिब्रेऑफिस ड्रॉ. हे फुकट ऑफिस पॅकेजमधलंच आहे. त्यात सेटिंगमध्ये १:५० असं प्रमाण लावता येतं आणि मापाच्या रेषाही काढता येतात. मंडप, स्टॉल, क्लासरूम अशा सरळसोट चौकोनी जागांना एवढं खूप झालं.

ग्राहकाला दाखवायला: स्वीट होम थ्रीडी

बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. धंद्यासाठी वापरलं तरी हरकत नाही. अ‍ॅप स्टोअरवर याचीच पैसे देऊन घ्यायची आवृत्ती दिसेल, त्यात तयार वस्तूंचं भांडार मोठं असतं. सुरुवातीला अधिकृत संकेतस्थळावरची फुकट आवृत्ती पुरते.

उघडलं की पडद्याचे चार भाग दिसतात. डावीकडे वर सामानाची यादी, खाली तुम्ही मांडलेल्या वस्तू. उजवीकडे वर नकाशा, खाली तोच नकाशा उभा राहिलेला, म्हणजे थ्रीडीत. वर भिंत ओढली की खाली भिंत उभी राहते. ग्राहकाला हेच बघायचं असतं.

सुरू करताना या चार गोष्टी करा:

१. प्राधान्यांमध्ये एकक ठरवा, फूट-इंच की मिलिमीटर. भिंतीची जाडी आणि उंची तिथेच भरून ठेवा.

२. भिंत काढताना माउसने अंदाजे ओढू नका. भिंत सुरू केल्यावर एंटर दाबलं की लांबी टाइप करता येते. आकडाच टाका.

३. ओटा, कपाट, फ्रिज यादीतून ओढून आणा, पण त्यावर डबल क्लिक करून रुंदी, खोली, उंची स्वतःची भरा. तयार वस्तूचं माप म्हणजे तुमच्या ग्राहकाच्या फ्रिजचं माप नव्हे.

४. ग्राहकाकडे बिल्डरच्या ब्रोशरमधला नकाशा असेल तर त्याचा फोटो पार्श्वभूमीला लावता येतो. एका भिंतीचं खरं माप सांगितलं की प्रमाण जुळतं आणि वरून भिंती गिरवता येतात. मात्र ब्रोशरवर विसंबून कटिंग करू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

याची मर्यादाही ऐकून ठेवा. डीडब्ल्यूजी फाइल हे थेट उघडत नाही. आणि कपाटाच्या आतले कप्पे, खाचा, सांधे असं कारखान्याचं बारीक ड्रॉइंग काढायला हे बनवलेलंच नाही.

कारागिराला द्यायला: लिब्रेकॅड

तुम्हाला रंग नकोत, मापं हवीत. किंवा आर्किटेक्टबरोबर फाइलींची देवाणघेवाण करायचीय. मग लिब्रेकॅड बघा. हेही मुक्त स्रोत आणि फुकट आहे. फक्त सपाट म्हणजे टूडी ड्रॉइंग काढतं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही चालतं. काम डीएक्सएफमध्ये जतन होतं आणि ती फाइल जवळजवळ प्रत्येक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते. डीडब्ल्यूजी वाचायला मात्र ते कच्चं आहे. म्हणून समोरच्याला सरळ सांगा, "साहेब, डीएक्सएफ करून पाठवा." त्याच्यासाठी ते मिनिटाचं काम आहे.

यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे लेयर. भिंती एका लेयरवर, फर्निचर दुसऱ्या, वायरिंग तिसऱ्या, पाणी-ड्रेनेज चौथ्या. वायरमनला प्रिंट देताना फर्निचरचा लेयर बंद करा, सुताराला देताना वायरिंगचा. एकाच नकाशातून चार जणांची कामं निघतात आणि "मला वाटलं इथे पॉइंट आहे" हे वाक्य साइटवर ऐकू येत नाही.

शिकायला हे स्वीट होमपेक्षा जड आहे. रोज तासभर दिला तरी हात बसायला दोन-तीन आठवडे धरा.

ब्राउझरमधली आणि फोनमधली

फ्लोअरप्लॅनर, प्लॅनर फाइव्ह डी यांसारखी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतात. चित्र छान दिसतं. पण मोफत पातळीवर काहीतरी हातचं राखलेलं असतं, कधी चित्राचा दर्जा, कधी सामानाची यादी. पैसे भरायच्या आधी एक प्रकल्प शेवटपर्यंत नेऊन बघा आणि पीडीएफ कशी निघते ते तपासा. शिवाय साइटवर नेट नसेल तर नकाशा उघडणार नाही, म्हणून प्रिंट जवळ ठेवा.

स्केचअपची ब्राउझरमधली फुकट आवृत्ती अनेकांना आवडते. पण ती वैयक्तिक वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. स्वतःचं घर मांडून बघायला चालेल. ग्राहकाकडून पैसे घेऊन काम करणार असाल तर पैसे भरून घ्यायची आवृत्ती लागते.

फोनचा कॅमेरा फिरवून खोलीचा नकाशा काढणारी अ‍ॅपही आहेत. पहिल्या भेटीत अंदाजपत्रक द्यायला ती उपयोगी आहेत. प्लायवूड कापायला नाहीत.

मोठं नाव कधी घ्यायचं?

ऑटोकॅड १९८२ पासून बाजारात आहे आणि डीडब्ल्यूजी ही त्याचीच फाइल. आता ते एकदाच विकत घेता येत नाही, ठरावीक मुदतीचं भाडं भरावं लागतं. आर्किटेक्ट, बिल्डर, कंपन्या यांची कामं नियमित मिळायला लागली आणि डीडब्ल्यूजीशिवाय अडायला लागलं की जरूर घ्या. तेव्हा ते भाडं त्याच कामांतून निघेल. विद्यार्थ्यांना फुकट मिळणारी आवृत्ती फक्त शिकण्यासाठी असते, भाच्याच्या कॉलेजच्या लॉगिनवर ग्राहकाचं काम करू नका.

आणि तो पेनड्राइव्हमधला क्रॅक? तो घेऊच नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे, सॉफ्टवेअरची नक्कल आहे हे माहीत असूनही वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशा फाइलींमधून व्हायरस येतो तो वेगळाच. ज्या संगणकावर तुमचं बँकेचं लॉगिन आणि जीएसटीचं काम आहे, त्यावर हा धोका कशाला? फुकट आणि कायदेशीर पर्याय समोर असताना तर नाहीच.

सॉफ्टवेअर माप घेत नाही, माप तुम्ही घेता

आता ती ब्रोशरवाली गोष्ट. दादांना एकदा ग्राहकाने ठामपणे सांगितलं, "भिंत दहा फुटांची आहे." कागदावरही दहा फूटच होती. कॅबिनेट वर्कशॉपमध्ये तयार झाली, साइटवर गेली आणि बसेनात. ओट्याच्या उंचीवर, कॉलम आणि प्लास्टरमुळे, भिंत नऊ फूट साडेदहा इंच भरली. दीड इंचासाठी दोन कॅबिनेट नव्याने करावी लागली आणि तो खर्च दादांच्या खिशातून गेला. जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर असतं तरी हे टळलं नसतं.

म्हणून हे नियम कागदावर लिहून टेपच्या डबीला चिकटवा:

प्रत्येक भिंत तीन उंचीवर मोजा: जमिनीजवळ, ओट्याजवळ, वर. सगळ्यात कमी भरेल ते माप धरा.

कोपरा काटकोनात आहे का ते तपासा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनी आहे. नाहीतर कपाट भिंतीला चिकटणार नाही, हे आधीच कळेल.

फूट आणि मिलिमीटरची सरमिसळ करू नका. ग्राहक फुटात बोलतो, ट्रॉलीचं हार्डवेअर मिलिमीटरमध्ये येतं. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. घाईत २५ धरले तर दहा फुटांत, म्हणजे १२० इंचांत, ४८ मिमीचा फरक पडतो. जवळजवळ दोन इंच गेले!

मटेरियलची जाडी धरा. १८ मिमीचं प्लाय, दोन्ही बाजूंना एक-एक मिमीचं सनमायका, म्हणजे एक उभी फळी २० मिमी. सलग चार फळ्या आल्या की ८० मिमी, तीन इंचांहून जास्त जागा नुसत्या फळ्यांनी खाल्ली. ट्रॉली उरलेल्या जागेतच बसवायची असते.

आणि या गोष्टी नकाशावर हव्यातच: दार कोणत्या बाजूला उघडतं, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे, बीमचा तळ, बाहेर आलेले कॉलम, प्लगचे पॉइंट, पाण्याची आणि ड्रेनेजची जागा, मीटरचा बोर्ड.

प्रिंट अशी काढा की समोरचा विश्वास ठेवेल

ए-४ कागद २९७ बाय २१० मिमीचा असतो. २० बाय ३० फुटांची जागा १:५० प्रमाणात काढली तर ती कागदावर साधारण १२२ बाय १८३ मिमी होते, म्हणजे ए-४ वर आरामात मावते. त्याहून मोठी जागा असेल तर १:१०० घ्या किंवा ए-३ वर प्रिंट काढा. प्रिंट करताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. प्रिंट हातात आली की पट्टी लावा. १:५० मध्ये एक मीटरची भिंत कागदावर बरोबर २० मिमी भरली पाहिजे.

खाली उजव्या कोपऱ्यात चौकट करा. त्यात तुमचं नाव, ग्राहकाचं नाव, तारीख, प्रमाण, एकक आणि "बदल क्रमांक" लिहा. काम सुरू करण्याआधी त्या प्रिंटवर ग्राहकाची सही घ्या. "मी असं म्हटलंच नव्हतं" हा वाद तिथेच मिटतो.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. तुमचं ड्रॉइंग घेऊन ग्राहक दुसऱ्याकडून भाव काढतो, हा अनुभव तुम्हाला येणारच. म्हणून दोन प्रिंट ठेवा. ग्राहकाची, ज्यात मांडणी आणि मोठी मापं असतील. वर्कशॉपची, ज्यात सगळा तपशील असेल. ती अ‍ॅडव्हान्स आल्यावरच बाहेर काढा. भेट आणि ड्रॉइंगचे थोडे पैसे घ्या, ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करा. ज्याला खरंच काम करायचंय तो देतो.

कुठे थांबायचं

साधा नकाशा काढता आला म्हणून बांधकाम परवानगीचे नकाशे घ्यायला जाऊ नका. ते काम आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याचं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय स्वतःला "आर्किटेक्ट" म्हणवून घेता येत नाही, तेव्हा कार्डावर तसं छापू नका. आणि "ही भिंत काढली तर हॉल मोठा होईल" असं नकाशावर दिसलं, तरी ती भिंत भार घेते का हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवारी स्वतःच्या स्वयंपाकघराची मापं घ्या. मंगळवारी ते वहीवर काढा. बुधवारी स्वीट होम थ्रीडी उतरवून घ्या आणि चार भिंती काढा. गुरुवारी दारं-खिडक्या, शुक्रवारी सामान. शनिवारी प्रिंट काढून पट्टीने तपासा. रविवारी ती प्रिंट घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि गप्प बसा. न सांगता त्यांना समजली, तर ग्राहकालाही समजेल. आणि एक चाकाचा साधा माउस जरूर घ्या, टचपॅडवर नकाशा काढायला बसलात तर दुसऱ्याच दिवशी सोडून द्याल.

दादांचं पुढे काय झालं? मी स्वतः त्यांच्या वर्कशॉपवर गेलो, आधी माफी मागितली, मग दोघांनी मिळून एका रविवारी त्यांच्याच घरचं किचन काढलं. पुढच्या ग्राहकाकडे ते लॅपटॉप घेऊन गेले. ताईंना फ्रिज दाराजवळ हवा होता. दादांनी पडद्यावर फ्रिज तिथे सरकवला आणि दार उघडून दाखवलं, ते भिंतीला अडत होतं. ताई स्वतःच म्हणाल्या, "नको, तिकडेच ठेवा." ऑर्डर मिळाली, ड्रॉइंगचे पैसेही मिळाले. क्लासचे १८ हजार मात्र परत आले नाहीत.

तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "हे शिका, ते शिका," तर आधी त्याला सांगा, माझे तीन प्रश्न ऐका. त्याने ऐकून घेतले नाहीत, तर फी भरू नका.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत टेप खिशात ठेवा!